बादलीतला बॉल

“दार उघडता का? पोरीची शाळा आहे!” रोशनीने न्हाणीघराच्या दारावर दुसऱ्यांदा थाप मारली.

“सात... आठ...” आतून प्रीतमचा आवाज आला. मग धप्पकन पाणी उडालं आणि पाठोपाठ एक शिवी.

तो बाहेर आला तेव्हा बनियन निम्मा भिजलेला आणि उजवा हात पाठीमागे. जणू तेरा वर्षांच्या संसारात बायकोला एवढंही कळत नाही, की नवरा हात पाठीमागे कधी लपवतो!

“दुखून राहिलं का?”

“नाही वं. बॉल सटकला.”

“आठवर?”

“काल सहावर सटकला होता,” प्रीतम म्हणाला. आणि गडी चक्क खूश होता.

आता हे बॉलचं आणि बादलीचं प्रकरण काय, ते सांगायलाच हवं. नागपुरात, सक्करदऱ्याच्या त्यांच्या फुटबॉल क्लबात एक रीत होती. फार वर्षांपूर्वी एका फायनलमध्ये ओला बॉल गोलकीपरच्या हातून निसटला आणि कप गेला. कोच चंपतकाकांना ते इतकं लागलं की त्यांनी नियमच घालून दिला. सीझनच्या पहिल्या दिवशी जुना कातडी बॉल पाण्याच्या बादलीत बुडवायचा. गोलकीपरने वरून पंजा टाकून तो एका हाताने उचलायचा, हात सरळ समोर धरायचा आणि सगळ्या टीमने दहापर्यंत मोजायचं. ज्याच्या हातात बॉल टिकला, एक नंबरची जर्सी त्याची. दोघांच्या हातात टिकला तर पुन्हा दहा. आणि हात कोणता? “ज्या हातानं जेवता, तोच,” काका म्हणत. त्यामुळे पळवाट नव्हती.

प्रीतमने ती जर्सी सलग सोळा वर्षं घेतली होती. एरवी तो काय, मोटरसायकली दुरुस्त करणारा साधा माणूस. गिऱ्हाईक त्याला “ओ मिस्त्री” म्हणे, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. पण गोलात उभा राहिला की तो प्रीतमभाऊ व्हायचा. बस, आयुष्यात तेवढीच एक जागा होती जिथे लोक त्याला नावाने हाक मारत आणि जरा मोठ्याने मारत.

सात आठवड्यांपूर्वी सरावात तो उजव्या पंजावर आपटला. अंगठ्याच्या मुळाशी काजूएवढं एक हाड असतं म्हणे, नेमकं तेच मोडलं. टीमचा दुसरा गोलकीपर प्रशिक, तेवीस वर्षांचा, त्यानेच त्याला गाडीवर बसवून धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, हाडात स्क्रू बसला.

“हे तं आमच्याच लाइनचं काम झालं, डॉक्टरसाहेब,” प्रीतम म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. “तीन महिने फुटबॉल विसरा,” ते म्हणाले. प्रशिक फाइल धरून शेजारीच उभा होता.

क्लबात मात्र प्रीतमने सांगितलं, “सहा हप्ते बोलले डॉक्टर.” प्रशिकने ते ऐकलं आणि खाली वाकून बुटांची लेस बांधत राहिला. बांधलेलीच लेस.

खोटं बोलायची प्रीतमला सवय नव्हती. पण चौतिसावं सरत आलं होतं आणि हा सीझन शेवटचा हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. “एक सीझन अजून,” तो सगळ्यांना सांगे, “मंग मी सोताच काकाच्या हातात जर्सी ठेवतो. पण असं नाही जाणार. एका हाडाच्या तुकड्यानं मले हाकलावं का?”

मग काय विचारता! धंतोलीत फिजिओथेरपीच्या गुंजन मॅडम हाताचे व्यायाम घेत, रबरी चेंडू दाबायला लावत. “दुखतं?” “नाही मॅडम.” “खरं सांगा.” “खरंच नाही.” घरी आला की हा परातीत कणीक घेऊन बसे आणि बुक्के मारमारून तिला मळे. “तेरा वर्षांत कणकेले हात लावला नाही,” रोशनी म्हणे, “आन् लावला तो हाड मोडल्यावर!” त्या पोळ्या चावताना पोरीचा जबडा दुखायचा. पण रोशनीने त्याला थांबवलं नाही. रोज एकदा विचारायची, दुखते का, आणि तो रोज नाही म्हणायचा.

सीझनच्या पहिल्या दिवसाचा रविवार उजाडला. प्रीतम निघाला तेव्हा रोशनीने बादलीत पाणी भरून मूठभर मीठ टाकलं. नव्या जर्सीचा रंग जाऊ नये म्हणून दर वर्षी त्याच संध्याकाळी ती जर्सी मिठाच्या पाण्यात भिजत घालायची. यंदाही तिने गृहीतच धरलं होतं.

मैदानावर सगळी टीम गोल करून उभी होती. प्रीतम पुढे झाला, बादलीत पंजा घातला आणि बॉल उचलला. पोरं मोजू लागली. चारपर्यंत काही नाही. पाचाला मनगटात कळ उठली ती थेट कोपरापर्यंत गेली. आठाला बॉल जरासा हलला. त्याने दात आवळले, डोळे मिटले. नऊ. दहा! टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. काकांनी त्याच्या पाठीवर थाप दिली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

मग प्रशिक आला. पोराचा पंजा सुपाएवढा. त्याने बॉल असा उचलला, जसा बाजारात माणूस टरबूज उचलतो. चार, पाच, सहा. हात जागचा हलला नाही. सात. आठ. आणि बॉल खाली पडला.

“अरेरे!” टीम ओरडली. काकांनी एक नंबरची जर्सी प्रीतमपुढे धरली. त्याने उजवा हात पुढे केला, पण बोटं मिटेचनात. त्याने ती डाव्या हाताने घेतली.

पण तो प्रशिककडे पाहत होता. ओला बॉल सटकतो तेव्हा आधी करंगळी सुटते, मग तिच्या शेजारचं बोट, असं करत करत हात हरतो. गेले काही आठवडे तो न्हाणीघरात दुसरं काय बघत होता? आणि या पोराची पाचही बोटं एकदम उघडली होती.

“प्रशिक, काहून सोडला बे?”

“सटकला, भाऊ.”

“मले शिकवतो का?”

प्रशिकने मान खाली घातली. “तुमीच म्हणत होते ना भाऊ, एक सीझन अजून,” तो हळू म्हणाला.

प्रीतमला आधी राग आला, असा की एक ठेवून द्यावी. मग राग उतरला आणि नुसती लाज उरली. सोळा वर्षं जे त्याने हिमतीवर घेतलं, ते आज त्याच्या पानात कुणीतरी वाढलं होतं. आणि वाढणाऱ्याला त्याचं खोटं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

“काका, पुन्हा मोजू,” तो म्हणाला.

“एकदाच असते गा. तुले माहीत नाही का?”

“डॉक्टर तीन महिने बोलले होते, काका. सहा हप्ते नाही.”

सत्तरीचे काका त्याच्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. “आन् मले सहा हप्ते सांगून राहिला होता?” ते म्हणाले. “तुले मी पोरासारखा मानतो बे.”

“चुकलो, काका.”

काकांनी तोंड फिरवलं आणि पायाने बादली पुढे सरकवली.

प्रशिकने बॉल उचलला. “कोणी बोलू नका. मी मोजतो,” प्रीतम म्हणाला. आणि तो मोजू लागला, अगदी सावकाश. त्याला कसली घाई नव्हती. आठ म्हटल्यावर तो थांबला. प्रशिकचे डोळे भरले होते.

“खबरदार,” प्रीतम म्हणाला. “नऊ.”

बॉल जागचा हलला नाही.

“दहा.”

त्याने जर्सी प्रशिकच्या खांद्यावर टाकली, आपली बॅग उचलली आणि गाडीकडे चालू लागला. मागे कुणी टाळी वाजवली नाही, ते बरं झालं.

घरी रोशनी उंबऱ्यातच बसली होती. तिने त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग बॅगेकडे. चेन उघडी होती आणि आत फक्त जुने मोजे होते.

प्रीतम न्हाणीघरात गेला. मिठाच्या पाण्याची बादली तशीच भरलेली होती. तो तिच्यासमोर पाटावर बसला आणि उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात सोडला. रोशनी येऊन शेजारी टेकली.

“दुखून राहिलं का?” तिने विचारलं.

“हो,” प्रीतम म्हणाला. “लय दुखते वं.”