बर्फ तडकायच्या आधी

थोरल्याने चाळिशी ओलांडली, तरी त्याला अक्कलदाढ काही फुटली नाही, असं माईंचं ठाम मत होतं. नाहीतर शहाणा बाप सहा वर्षांच्या पोरीला ते अस्वलाचं कार्टून शेवटपर्यंत दाखवेल? चिमणी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, डोळे डबडबलेले, आणि हा शेजारी खुशाल पाय पसरून!

"बंद कर ते. पोर रडतेय, दिसत नाही?"

"रडू दे गं माई. अजून पुढे आहे."

"पुढे काही नाही! बर्फ तडकलं की संपतो तो सिनेमा."

संपतो कसला, माईच संपवायच्या. पोरांचा बाप गेला त्या वर्षी शेजारणीने ती कॅसेट आणून दिली होती, तेवढंच पोरांचं मन रमेल म्हणून. माई शिलाई मशीनवर, तिन्ही पोरं चिंध्यांच्या ढिगात. अस्वलआई पिल्लाला मासे धरायला शिकवायची. "पाण्याकडे नको, पाण्याखाली बघ," म्हणायची, आणि पिल्लू दर वेळी तोंडावर आपटायचं. पोरं हसून गडबडा लोळायची. मग नदीवरचं बर्फ तडकायला लागायचं. पिल्लू अलीकडे, आई पलीकडे. पुढचं कळायला माईंना ज्योतिषी नको होता. त्या पायडलवरचा पाय काढायच्या, उठून बटण दाबायच्या. "संपला! चला, काजं करायचे कपडे वेगळे काढा." पोरं टाळ्या वाजवायची. दर रविवारी दुपारी हेच. घरात एक मरण येऊन गेलं होतं. दुसऱ्याला त्यांनी उंबरठा ओलांडू दिला नाही. कॅसेट झिजून गेली, पण पुढचं माईंनीही कधी पाहिलं नाही.

"माई," थोरला हळूच म्हणाला, "आम्हाला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"पहिल्याच आठवड्यात तू गिऱ्हाइकाकडे कपडे द्यायला गेलीस ना, तेव्हा पाहिलं आम्ही पुढचं. तिघंही रडलो. धाकटीने तुझ्या नव्या कापडाला नाक पुसलं आणि तुझा मार खाल्ला, पण बोलली नाही."

"मग टाळ्या कशाला पिटत होतात, मेल्यांनो?"

"बटण दाबून तू आमच्याकडे वळायचीस ना, तेव्हा तुझं तोंड बघवायचं नाही गं."

माईंनी मान वळवली. पडद्यावर पिल्लू एकटंच नदीकाठी बसलं होतं. मान वाकडी करून बघत बघत त्याने पंजा मारला, आणि पंजात मासा!

चिमणीने नाक ओढलं. "आजी, आईने शिकवलं तस्संच केलं त्याने!"

माई दोघांच्या मधे येऊन बसल्या. थोरल्याला कोपराने ढोसत म्हणाल्या, "नऊ वर्षांचा होतास तू. मला वाटत होतं, मी तुम्हाला सांभाळतेय. लबाड आहेस, पक्का लबाड! अक्कल तुला तेव्हाच आली होती, मीच आज कबूल करतेय. सरक तिकडे. आणि आता बटणाला हात लावशील तर हात मोडून ठेवीन."