चार अठ्ठ्या

स्क्रीनवर बदामाची राणी उलगडली आणि नचिकेतने स्टिअरिंगला टेकवलेला फोन पटकन हातात घेतला.

"आता बघ," तो शेजारी बसलेल्या चारुताला म्हणाला. "हा उठणार नाही."

"कोण? तुझा तो गेस्ट?"

"तोच."

मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीच्या स्विमिंग पूलबाहेर त्यांची गाडी उभी होती. आत लेकीचा, मयूराचा क्लास चालू होता आणि बाहेर जुलैची कडाक्याची थंडी, म्हणजे काच खाली करायचीही सोय नाही. चारुताने थर्मासमधला चहा ओतला आणि नवऱ्याकडे पाहिले. दर शनिवारी दुपारी हा माणूस असा फोनमध्ये डोके खुपसून बसतो, हे तिने आतापर्यंत बऱ्याच शांतपणे सोसले होते.

पोकरचा हा खेळ तसा निरुपद्रवी होता. चिपा खोट्या, पैशाचा संबंध नाही. पूर्वी तो आणि शैलेंद्र शनिवारी दुपारी आपापल्या घरून एकाच टेबलावर बसायचे आणि फोनवर एकमेकांना मनसोक्त शिव्या द्यायचे. शैलेंद्र म्हणजे युनिव्हर्सिटीतला मित्र. दोघांनी एका फ्लॅटमध्ये करपलेला भात खात मास्टर्स केलेले. दोन वर्षांपूर्वी तो ऑफिसच्या लिफ्टमध्ये कोसळला आणि परत उठला नाही. नचिकेतने त्याच आठवड्यात खेळ फोनवरून काढून टाकला होता. या हिवाळ्यात तो परत घेतला. का, हे त्याला स्वतःलाही धड सांगता आले नसते.

जुन्या चिपा गेल्या होत्या, त्यामुळे सुरुवात अगदी खालच्या टेबलापासून. तिथे नवखे लोक वाटेल ती पाने घेऊन भिडतात. नचिकेत संयमाने खेळला, पाने चांगली लागत गेली आणि तो एकेक टेबल वर चढला. तिसऱ्या टेबलावर 'गेस्ट' म्हणून खेळणारा हा भेटला. नाव नाही, फोटो नाही. पाने वाईट असली की बराच वेळ विचार केल्यासारखा थांबायचा, चांगली असली की ताडकन चाल करायचा, आणि डावात राणी दिसली की काही केल्या पाने टाकून उठायचा नाही.

"राणी घरी आली की तिला हाकलायचं नाही," असे म्हणत शैलेंद्र हेच करायचा आणि हमखास बुडायचा.

पहिल्यांदा हे लक्षात आले तेव्हा नचिकेतच्या अंगावर काटा आला होता. नदीवरचे पूल बांधणारा इंजिनियर तो, त्याचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. तरी शनिवार उजाडला की भूत भेटणार म्हणून स्वारी सकाळपासून खुशीत असायची. चौथ्या टेबलावर जाण्याइतक्या चिपा केव्हाच जमल्या होत्या. तो गेला नव्हता.

"जिंकतोयस तर वर का जात नाहीस?" चारुताने विचारले.

"मी वर गेलो तर हा भेटायचा नाही."

तिने कप डॅशबोर्डवर ठेवला.

"शैलेंद्र गेलाय, नचिकेत."

"मला माहितीये ते."

"मग हे काय चाललंय?"

तेवढ्यात गेस्टने आपल्या होत्या नव्हत्या सगळ्या चिपा मध्ये लोटल्या. टेबलावर पाच पाने उघडी होती: राणी, चौकी, दुर्री आणि दोन अठ्ठ्या. नचिकेतच्या हातात उरलेल्या दोन अठ्ठ्या होत्या. चार अठ्ठ्या! वर्षानुवर्षे खेळूनही एखाद्याच्या वाट्याला न येणारा हात, आणि या डावात तो हरवता येणे शक्यच नव्हते. त्याने फक्त 'हो' म्हणायचे होते, की गेस्ट रिकामा. रिकामा झालेला गेस्ट टेबलावरून जातो. पुन्हा आला तर भलत्याच टेबलावर. हजारो गेस्टांतून त्याला कुठे शोधायचे?

एकदा गेलेल्या माणसाला पुन्हा आपल्या हाताने घालवायचे नचिकेतच्या जिवावर आले.

त्याने पाने टाकली.

"अरे!" चारुता पुढे झुकली. "तुझीच मोठी होती ना?"

पाने दाखवायची का, असे स्क्रीनने विचारले. नचिकेतने दाखवली. कुणाला तरी हे दिसावे असे त्याला फार वाटले. दोन अठ्ठ्या टेबलावर उघड्या पडल्या. मग चॅटच्या चौकटीत, आजवर तिथे कधीच न दिसलेली देवनागरी उमटली.

"शैलू?"

चारुताने त्याचा दंड घट्ट धरला.

"गौरीच्या जागरणाला असंच करायचास. बापाला डावातून उठवायचं नाही म्हणून जिंकलेली पानं टाकायचास."

शैलेंद्रला मित्र शैल्या म्हणायचे. शैलू म्हणणारे माणूस आता एकच उरले होते, साताऱ्याला. पत्ते त्याला वडिलांनी, दत्तप्रसादकाकांनीच शिकवले होते. राणी न टाकण्याची खोड त्यांचीच. इतक्या शनिवारांत हे आपल्याला एकदाही सुचू नये, याची नचिकेतला लाज वाटली. त्याने लिहायला घेतले, खोडले, पुन्हा लिहिले. 'हो' लिहिणे किती सोपे होते! तेही बोटाशी येऊन गेले.

"काका, मी नचिकेत. मेलबर्नचा. शैलेंद्रचा मित्र."

पलीकडे कुणी तरी एकेक अक्षर शोधत टाइप करत होते.

"तो नाही हे कळलं होतं, बाळा. तो पानं दाखवायचा नाही. तो चहाला उठला की मीच उलटून बघायचो."

आणि थोड्या वेळाने:

"हा खेळ त्यानंच माझ्या फोनवर घालून दिला होता. म्हटलं, एकदा विचारून बघावं."

नवा डाव वाटला गेला. नचिकेतला स्वतःची पाने नीट दिसत नव्हती. त्याने बाहीने डोळे पुसले.

मागचे दार उघडून मयूरा ओल्या केसांनिशी आत शिरली आणि बॅग पायाशी टाकली.

"कॅन वी गो? आय ॲम स्टार्व्हिंग."

"थांब जरा," चारुता म्हणाली. "बाबा खेळतोय."