नजरेला नजर, ब्याण्णव टक्के

समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लागलं की मूल माणसांत आलं, असं पद्मजा देवस्थळी गेली बावीस वर्षं पालकांना सांगत आल्या होत्या. सांगताना त्या बहुधा फायलीत बघत.

मुलुंड पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर ऑटिस्टिक मुलांसाठी त्यांचं वर्तनोपचार केंद्र होतं. मुलाला खुर्चीत बसवायचं, ‘माझ्याकडे बघ’ म्हणायचं. बघितलं तर खारी बिस्किटाचा तुकडा, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आणि तक्त्यात टिक किंवा फुली. केयूर हा त्या तक्त्यातला हिरा. नवव्या वर्षी नजरेला नजर ब्याण्णव टक्के. आता तो सव्वीस वर्षांचा, विक्रोळीला एका कचेरीत नोकरीला.

अलीकडे परिषदांमधून ऑटिस्टिक माणसांचंच ऐका असं निघालं होतं, तेव्हा केंद्रानेही ऐकायचं ठरवलं. ऐकायला साहजिकच कौतुक करील असा माणूस निवडला, केयूर.

त्याच्यासमोर सहा शिक्षिका होत्या आणि सात वर्षांच्या गार्गीची आई, दीप्ती. गार्गी बोलत नसे, बघत नसे, हात फडफडवी. सोमवारपासून तिचे रोजचे दोन तास चार करायचे होते आणि दीप्तीचं मन धजत नव्हतं. केयूरला बघून धीर येईल म्हणून तिला मुद्दाम बोलावलं होतं.

केयूर पंख्याकडे बघत बोलला. डोळ्यांत त्याने कधीच बघितलं नव्हतं म्हणे. तसं बघितलं की कानावर पडलेलं काही कळेनासं होई. म्हणून तो टीचरच्या टिकलीकडे बघायचा. टिकली हलत नाही.

“मध्ये चार महिने तुम्ही टिकली लावत नव्हता,” तो पद्मजाबाईंना म्हणाला. “मग कुठे बघायचं ते मला कळेना. तुम्ही माझे तास वाढवलेत.”

पद्मजाबाईंचे यजमान गेले, त्यानंतरचे ते चार महिने. पुढे सासूबाईच म्हणाल्या होत्या, लाव गं.

पद्मजाबाईंनी कपाटातून जुनी फाइल काढली. जून ते सप्टेंबर, फुल्याच फुल्या. शेऱ्यात त्यांचंच अक्षर: ‘मागे गेला. घरी काही घडलं आहे का, पालकांना विचारणे.’

दीप्तीने केयूरला विचारलं, “गार्गी हात का फडफडवते रे?”

“मला काय माहीत? मी गार्गी नाही. तिला विचारा ना.”

“तिला बोलता येत नाही.”

“मग दोन तास बघायला का शिकवता?”

सोमवारी पद्मजाबाईंनी गार्गीच्या आराखड्यातून ‘बघणे’ आणि ‘हात स्थिर’ स्वतःच्या हाताने खोडलं. तास दोनच ठेवले. चित्रांचा एक फळा टांगला. त्यावरचं पहिलं चित्र ‘नको’चं. तिसऱ्या दिवशी गार्गीने त्यावर सतरा वेळा बोट ठेवलं आणि सतराही वेळा पद्मजाबाई थांबल्या. शिक्षिकांना हा सगळा वेळ फुकट गेल्यासारखा वाटला. दीप्ती दाराशी उभी राहून रडली, आणि घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं की आपली पोरगी बोलली.

नवऱ्याने शाळाप्रवेशाच्या मुलाखतीचं पत्र दाखवलं. त्यात लिहिलं होतं, पाल्याने नजरेला नजर देणे आवश्यक.

जूनपासून गार्गी रस्त्यापलीकडच्या केंद्रात जाते. रोज चार तास. तिथल्या बाई पद्मजाबाईंच्याच हाताखाली तयार झालेल्या आहेत.