आधी चूळ भरा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर माझ्या धाकट्या भावाच्या रक्तातल्या क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीने न गाळलेल्या घाणीचा, आकडा झळकला. इंजेक्शनआधी नऊ, नंतर चार. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"मेलेली किडनी उठून बसली!" पांढरा कोट गरजला. "स्टेम सेल म्हणजे शरीराचं बियाणं. आम्ही पेरलं, ते उगवलं! आता मशीन कशाला? डायलिसिसला रामराम ठोका!"

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना हार घातला. त्यांनी म्हणे मशीन सोडलंच होतं. भाऊ आनंदाने रडत होता. मला मात्र एक मुतखडेवाला आठवला.

आम्ही लहान असताना गल्लीत एक माणूस यायचा. पोटाला नळी लावून तोंडाने मुतखडा ओढून काढायचा. आईच्या पोटावर त्याने लाळेने बरबटलेला खडा थुंकला आणि गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्या खेपेला वडील म्हणाले, "नळी लावण्याआधी चूळ भरा." तो जो पळाला, तो पुन्हा दिसला नाही. खडे गालात असायचे. ती लाळ मी विसरलेले नाही.

"ताई, मी आता डायलिसिसला जाणार नाही," घरी येताच भावाने जाहीर केलं.

माझी मुलगी किडनीची डॉक्टर. तिने विचारलं, "मामा, त्यांनी रक्त कधी घेतलं?"

"पहिलं मशीनवर जायच्या आधी. दुसरं मशीनवरून उतरल्यावर, इंजेक्शन दिलं की लगेच. डायलिसिसच्या दारात गाडी पाठवली गं त्यांनी! तुमचं हॉस्पिटल साधी रिक्षा तरी बोलावतं का?"

"म्हणजे रक्त धुतलं मशीनने आणि टाळ्या यांना! डायलिसिस झालं की आकडा उतरतोच, मामा. नुसतं मिठाचं पाणी टोचलं असतं तरी उतरला असता."

"मग स्टेम सेल काय खोटं आहे?"

"संशोधन खरं आहे, चालू आहे. पण निकामी किडनी परत आणणारं इंजेक्शन अजून कुणाकडेच नाही. डायलिसिस सोडलंत तर छातीत पाणी भरेल."

भावाने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, "उद्या मशीनवर जायच्या आधी रक्त दे. चार आलं तर त्या कोटाच्या पाया पडेन मी."

नऊच आलं.

पुढच्या सभेत मी उभी राहिले. "माझ्या भावाचं आजचं डायलिसिस व्हायचंय. इथेच, सगळ्यांसमोर रक्त घ्या."

"आजी, रक्त उपचारानंतरच घ्यायचं असतं."

"कुणाच्या उपचारानंतर? तुमच्या की मशीनच्या? आधी चूळ भरा!"

बाकीच्यांना काही कळेना, पण भाऊ खो खो हसला. कितीतरी दिवसांनी. मग उठून त्याने विचारलं, "डायलिसिसच्या दारातून गाडीने कुणाकुणाला आणलं होतं?"

एकेक हात वर गेला. पांढरा कोट मागच्या दाराने सटकला.

पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. हार घातलेल्या त्या गृहस्थांना आदल्याच आठवड्यात लोक स्मशानात पोहोचवून आले होते.

"चल ताई," भाऊ हळूच म्हणाला, "मशीनची वेळ झाली."

पडद्यावर कुणी आकडा दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा : रक्त कधी घेतलं? विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.