नदीला परत द्याव्यात

मागच्या दिवाळीनंतर आमच्या वाडीतल्या बारा बायकांनी स्वतःवर एक नियम घालून घेतला: पंचवीस मिलिमीटरांहून लहान तिसरी, म्हणजे खाण्याची शिंपली, विकायची नाही. आमचे गाव पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी आहे. सुकतीला पाणी उतरले की नदीच्या मध्यात वाळूचा एक लांबट पट्टा उथळ होतो आणि बायका त्या वाळूत पायाच्या बोटांनी चाचपून तिसऱ्या काढतात. माझ्या लहानपणी एका सुकतीत टोपली भरत असे. अलीकडे तळ झाकला तरी पुष्कळ झाले असे म्हणून बायका परत फिरत, आणि मिळालेल्यांतही निम्म्या नखाएवढ्या असत.

नियम घडवून आणला तो चंद्रावतीने. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान; सासू गेल्यापासून त्या पट्ट्यावर तिचाच शब्द चालत आला होता. लहान तिसरीला निदान एकदा अंडी घालू द्यावीत, म्हणजे पट्टा पुन्हा भरू लागेल, हे मी तिला कागदावर आकृती काढून समजावले होते. तिने ते एकेकीच्या दारात जाऊन सांगितले. बाराजणींतली पद्मावती तेव्हा सर्वांसमोर म्हणाली होती, "एक हंगाम रवतंव. पण पट्टो भरूक लागलो नाय, तर फुडे तुझां आमी काय एक आयकूचे नाय हां, चंद्रावती."

"आयकू नकात," चंद्रावतीने उत्तर दिले होते.

माझा भाग दोन गोष्टींपुरता होता. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मी एकतीस वर्षे वास्कोला एका कारखान्यात तपासनीस होतो. सुटा भाग मापात आहे की नाही हे पाहणे, एवढेच माझे काम. त्या सवयीने मी पत्र्याच्या बारा पट्ट्या कापल्या आणि प्रत्येकीला बरोबर पंचवीस मिलिमीटरांची खाच पाडली. तिसरी लांबीच्या बाजूने खाचेत शिरली तर ती लहान. दुसरी गोष्ट नियमाचा मजकूर. तो मी तीनदा लिहिला. तिसऱ्या वेळी मनासारखा उतरला: 'पंचवीस मिलिमीटरांहून लहान तिसऱ्या नदीला परत द्याव्यात.' आधी 'टाकाव्यात' असे लिहिले होते, ते मी मुद्दाम खोडले. जिवंत वस्तू टाकत नाहीत, असे मला वाटले.

दर अमावास्येच्या सुकतीला मी पट्ट्यावर एक मीटर बाजूचा चौकोन आखून त्यातल्या तिसऱ्या मोजत असे आणि मोजून झाल्यावर तिथेच वाळूत सोडत असे. कार्तिकात शंभरांत त्रेचाळीस लहान होत्या. पौषात एकोणतीस. फाल्गुनात अकरा. नियम पाळला जात असता तर हे प्रमाण असे घसरायला नको होते. मी आकडे दोनदा पडताळले. मग एकच अर्थ उरला, आणि तो मला कारखान्यातल्या अनुभवाने सुचवला: तपासणीला एक माल दाखवतात, बाहेर दुसराच जातो.

मी चंद्रावतीकडे गेलो तेव्हा ती पडवीत आदोळीच्या, म्हणजे विळीच्या, पात्यावर तिसऱ्या उघडत बसली होती.

"बसा, कृष्णनाथबाब. च्या ठेवू?"

"चहा नको. लहान तिसऱ्या कुठे जातात, चंद्रावती?"

"खंय म्हणजे? नदीक."

"पट्ट्यावर नाहीत त्या. मी मोजल्या आहेत."

तिचा हात थांबला. "म्हणजे आमी इकतव म्हणतास?"

"मी फक्त आकडे सांगतो आहे."

"आकडे रवांदेत. माका चोर म्हणूचां आसात तर तोंडान म्हणा."

मी खिशातून आकड्यांचा कागद काढला, आणि ते म्हटल्यासारखेच झाले. तिने आदोळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि ती उठली. "चला. सुकतीच आसा. डोळ्यांनी बघा, मगे बोला."

मला वाटले ती होडीकडे वळेल. ती वळली गावाच्या राखणदार देवाच्या वडाकडे. तिथे नदीत उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या सात पायऱ्या आहेत. गणपती तिथे पोचवतात, निर्माल्य तिथे सोडतात, श्रावणातल्या पुनवेचा नारळही तिथूनच जातो. चंद्रावतीने वरच्या पायरीवर चपला काढल्या. मीही काढल्या.

"घराकडे निवडून झाल्यार बाराय जणी हय येतव," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता राग कमी आणि अभिमान जास्त होता. "ल्हान तितकी सगळी हय देतव. एक दीस चुकाक नाय. पद्मावती तर वांगडा फूल सोडता. विचारा तिका."

मी शेवटच्या पायरीवर उतरलो आणि हातातली काठी पाण्यात घातली. ती मुठीपर्यंत आत गेली. वडाच्या मुळाशी एक ओहोळ नदीला मिळतो; त्याच्या गोड्या पाण्याने तिथे वर्षानुवर्षे काळा गाळ साचला आहे. मी वाकून हात घातला आणि मूठभर शिंपल्या वर काढल्या. सगळ्या लहान होत्या. सगळ्या उघड्या होत्या, जोडी न सुटलेल्या, आणि आत मांसाच्या जागी चिखल होता. वासाने चंद्रावती एक पायरी मागे सरली.

"ह्या मेल्या आहेत," मी म्हणालो.

"सगळी?"

"तिसरीला वाळू लागते, खारे पाणी लागते. इथे गाळ आहे, पाणी गोडे आहे, आणि एकीवर एक थर पडला आहे. जगणार कशा?"

तिने माझ्या हातातली एक शिंपली उचलून उलटी केली. "पण नदीक दिया म्हणान तुमीच लिवलात मां? नदीक देतत तां हयच. पट्ट्यार कोण काय देता?"

तिचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. मी 'टाकाव्यात' लिहिले असते तर त्यांनी त्या पुढच्या सुकतीला पट्ट्यावरच टाकल्या असत्या आणि पुष्कळ जगल्या असत्या. माप मी अर्ध्या मिलिमीटरापर्यंत सांभाळले; जागा लिहायची राहिली. ज्या गावात मी जन्मलो, त्या गावात 'नदीला देणे' कशाला म्हणतात हे मला ठाऊक नव्हते असेही नाही.

"कितकी आसतीत?" तिने विचारले.

बारा जणी, महिन्याच्या साधारण अठरा सुकत्या, पाच महिने. हिशेब माझ्या मनात झाला होता. मी मूठ उघडून शिंपल्या पाण्यात सोडल्या.

"बायकांक सांगू नकात," ती म्हणाली. पायऱ्या चढताना म्हणाली, "नको. सांगा. पण माझ्या तोंडान नको."

रविवारी तिच्याच अंगणात सगळ्या जमल्या. चूक माझ्या वाक्यात होती, तुमच्या वागण्यात नव्हती, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट केले. मग बाकीचे सांगितले. कोणीतरी खोकले. पद्मावती म्हणाली, "म्हणजे पोरां उचलून हाडून आमीच पुरली. वयर फुलां घालून." एकजण हसली आणि तिने लगेच पदर तोंडाला लावला.

मला कोणी बोल लावला नाही. वयाने सर्वांत मोठ्या सोनाबाई म्हणाल्या, "तुमी बऱ्यासाटी केलात, बाबा. शिकल्याल्यांकय चुकता." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर सुचले असते.

मी दुरुस्त केलेला मजकूर वाचला: 'लहान तिसरी जिथे सापडली तिथेच, पाण्यात उभे असतानाच, वाळूत सोडावी.'

"पाण्यात उबी रवान एकेक मापूची?" पद्मावतीने विचारले. "सुकती दोन तास. मापीत रवलंव तर टोपली कोण भरतलो, तुमी?"

"हाताने अंदाज येईल. माप नको."

"एक हंगाम म्हटला होता, कृष्णनाथबाब. एक हंगाम झालो." तिने हे चंद्रावतीकडे पाहून म्हटले. चंद्रावतीने मान वर केली नाही. आपले ऐकू नका, असे तिने स्वतःच सांगून ठेवले होते.

पुनवेच्या सुकतीला बाराही जणी पट्ट्यावर उतरल्या. मी होडीने मागून गेलो आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. कोणी निवडत नव्हते. बोटांना लागेल ते टोपलीत जात होते. चंद्रावती थोडी पुढे, एकटी होती. ती तिसरी वर काढी, तळहातावर पाही आणि लहान असली तर पायाने वाळू उकरून खाली सोडी. तिच्या मागे चार हातांवर पद्मावती होती. चंद्रावती पुढे सरकली की पद्मावती तिच्या जागेवर येई, बोटांनी चाचपी आणि तीच तिसरी काढून टोपलीत घाली. तिच्या मनात वाईट काही नसावे. तिच्या टोपलीचा तळ अजून दिसत होता.

चंद्रावतीने एकदा वळून पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"मी सोडतंय ती मागसून ती काडता," ती म्हणाली. "सांगा आता. मी कोणासाटी सोडू?"

 पाणी माझ्या मांड्यांपर्यंत आले होते. भरती सुरू झाली होती. ती थोडा वेळ थांबली, माझ्या वयाला मान म्हणून असेल. मग तिने पुढची तिसरी बोटांत धरून वर घेतली आणि न पाहताच टोपलीत घातली.