जिन्यात बोलायचं नाही

सुतारबाई माप घ्यायच्या वरच्या खोलीत आणि त्यांची करवत खाली अंगणात. मधे बावीस पायऱ्या. मग माणसाने कागदावर लिहून घ्यावं की नाही? छे! "कागद सापडेपर्यंत माझी फळी कापून होते," असा बाईंचा तोरा. आकडे तोंडात घोळवत त्या उतरायच्या, आणि जिन्यात त्यांच्याशी बोलायची कोणाची छाती नव्हती.

पंचाईत झाली ती प्लंबरची. तीन आठवडे तो त्याच जिन्याजवळ पाईप जोडत होता आणि बाईंवर त्याचा जीव जडला होता. पण बाई भेटायच्या त्या फक्त जिन्यात!

त्याची ताई कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. तिने दम भरला, "अरे वेड्या, हातातल्या कामापुरतं धरून ठेवायला डोक्यात जागा असते एवढीशी. तीन-चार गोष्टी मावतात, त्याही घोकत राहिलं तर. मधेच कोणी बोललं की आकडे पसार! तू आपला गप्प बस."

बसला बिचारा गप्प. पण आज त्याचं काम संपलं, उद्यापासून तो दुसऱ्या गावी. बाईंचीही मांडणीची एकच फळी उरली होती. आल्याच त्या पुटपुटत, "एकशे बारा, सदतीस, अडीच... एकशे बारा, सदतीस, अडीच..."

आता नाही तर कधीच नाही! हातातला पाना तसाच धरून प्लंबर आडवा आला आणि बोलून मोकळा झाला, "बाई, तुम्ही मला फार आवडता. माझ्याशी लग्न कराल का?"

बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. ओठ हलतच होते. त्याला बाजूला सारून त्या उतरल्या आणि करवत सुरू झाली. प्लंबरचा चेहरा एवढासा झाला. माणसाने काळीज काढून द्यावं आणि समोरच्याला त्याचं काहीच नसावं! तो मुकाट्याने पिशवी भरू लागला.

"अगं बाई गं!" खालून आवाज आला.

प्लंबर धावला. फळी चांगली वीतभर आखूड कापली गेली होती.

"पंधरा वर्षांत एकदा चुकले नाही मी!" बाई कडाडल्या. "मेला एक आकडा डोक्यात राहिला नाही!"

"नवी फळी मी आणून देतो," प्लंबर चाचरत म्हणाला. "आणि मी जे बोललो ते विसरून जा."

"तेच तर जात नाहीये ना!" बाईंनी भुशाने माखलेल्या हाताने कपाळ पुसलं. "जिन्यापासून तेवढंच घोकतेय मी."