हे कुणाच्या नावावर?

जावई कंजूष निघाला, हे मला लंडनच्या इल्फर्ड स्टेशनातच कळलं. आमच्या दोघांच्या ऑयस्टर कार्डांत, म्हणजे तिथल्या बस-रेल्वेच्या पासांत, अवधूतरावांनी पैसे भरले खरे, पण आम्ही फाटकातून आत जातोय न जातोय तोच फोन काढून त्यांनी आमच्या लेकीला, देविकाला विचारलं, "हे कुणाच्या नावावर टाकू?"

"माझ्या," देविका म्हणाली. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे ट्यूब रेल्वेच्या नकाशात दंग. ह्यांना घरचं छप्पर उडालं तरी शेजारी सांगतील तेव्हा कळेल.

आता मी काही फुकटी नाही हं. लेकीकडे आठवडाभर राहायचं, पण तिच्या संसाराला झळ लागू द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. निघताना लेकीच्या हातात ठेवायला मी पुण्याहून पाउंड घेऊन आलेय. म्हणून रोज फिरून आलं की मीच विचारते, आज जाण्यायेण्याचे किती झाले? देविका म्हणते, असू दे गं आई. पण म्हणून जावयानं आमची बस, आमची ट्रेन लिहून ठेवायची? लग्नात याच माणसानं मानपान नको म्हणून केवढा मोठेपणा मिरवला होता!

मग मी नजर ठेवली. ग्रीनिचला बोटीनं गेलो, लगेच फोन बाहेर. ह्यांना चहाची तलफ आली, तर कागदी पेल्यातल्या त्या गुळमट पाण्याचीसुद्धा नोंद. घरी आलं की देविका तिच्या फोनवर तोच हिशोब उघडून बसायची आणि तिचा चेहरा उतरायचा. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, ऑफिसचं." ऑफिसचं म्हणे! पोटच्या पोरीचं खोटं मला कळत नाही होय? एवढी कमावती मुलगी, आणि आईबापाच्या बसभाड्याचा नवऱ्याला हिशोब देते? मला अन्न गोड लागेना. ही इथे सुखात नाही आणि आम्ही परवा विमानात बसणार.

त्या दिवशी वेम्बलीला गेलो होतो. ईलिंग रोडवरच्या देशी दुकानांत पडवळ आणि सुरण बघून हे हरखले. मी कसली हरखतेय! एका हॉटेलात थाळी मागवली. ताटं आली तसे हे हात धुवायला गेले, आणि अवधूतरावांनी टेबलाखाली हळूच फोन काढला. झालं, माझा तोल गेला.

"अवधूतराव, आमच्या दोन तिकिटांनी तुमचं दिवाळं निघणार आहे का? स्पष्ट सांगा. मी आत्ता पैसे देते, पण माझ्या लेकीला असं पै-पैला विचारू नका!"

"आई, हळू बोल."

"का म्हणून हळू?"

"कारण लिहायचा नियम त्याचा नाही. माझा आहे." देविकानं ताट बाजूला सारलं. "आम्ही वेगळे होतोय, आई. ठरलंय. घराचा करार संपेपर्यंत एकत्र राहतोय, खर्च निम्मा निम्मा. पण तुम्ही माझे आईबाबा. तुमचा खर्च त्याच्यावर कशाला? तुम्ही घरी पोचलात की फोनवर सांगणार होते."

माझा घास हातातच राहिला.

"मग अवधूतराव रोज विचारतात कशाला?" मी कसंबसं म्हटलं. "सरळ तुझ्या नावावर टाकायचं."

अवधूतराव मान खाली घालून म्हणाले, "मला वाटायचं, एकदा तरी ती 'तुझ्या' म्हणेल."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, पण कुणाचा राग करायचा तेच कळेना. तेवढ्यात हे रुमालाला हात पुसत आले, खुर्ची ओढून बसले आणि जावयाच्या पाठीवर थाप मारली.

"फार फिरवलंत हो आम्हाला. दिवाळीत तुम्ही दोघं पुण्याला या. मग बघा, खिशात हात घालू देणार नाही."

अवधूतरावांनी देविकाकडे बघितलं. तिनं नजर वळवली.

"हो बाबा, येऊ की," ते म्हणाले.

आठवडाभर मी या माणसाच्या बोलण्यात खोट शोधत होते. आता तो माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलला, आणि मीच घाईघाईनं म्हटलं, "नक्की या हं. तिकिटं आत्ताच काढून ठेवा, नंतर महाग होतात."